युसूफ वडगावच्या पुढे, चिंतनासाठी

दरवर्षी मार्चमध्ये आमचा विभाग चिंतन करायला बाहेरगावी जातो. चिंतन पुण्यातही करता येईल, पण पुण्यात विद्यार्थी भेटायला येतात. म्हणून डोंगरावरचं एखादं हॉटेल गाठायचं, सकाळी एकमेकांचे निबंध ऐकायचे आणि दुपारी स्ट्रॉबेरी खायची, असा रिवाज आहे. यंदा वरून परिपत्रक आलं की असे दिवस ‘क्षेत्राशी निगडित’ असावेत. आमचा विषय सहकार आणि ग्रामीण अर्थशास्त्र. विभागप्रमुख देवधर सरांनी चष्मा कपाळावर चढवून परिपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, “मग बीडला जाऊ.” तिथलं ते लागोपाठ दुसरं दुष्काळी वर्ष होतं. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची तर दुसरं ठिकाण सुचवावं लागलं असतं.

मी विभागात सगळ्यांत कनिष्ठ. तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास असेल तेव्हा मी प्राध्यापक असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणीच नसते. मे महिन्यात एका कायम जागेसाठी मुलाखती होणार होत्या. त्यासाठी माझ्याकडे एक निबंध होता: दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या सहकारी दूध संस्थांचं काय झालं, यावर. तो देवधर सरांच्या आणि माझ्या नावानं एका ग्रंथात यायचा होता. मसुदा संपादकांकडे गेलाही होता. चिंतनाच्या दिवशी तो मी वाचून दाखवायचा होता. निबंध बरा होता. त्यात एकच उणीव होती आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी बीड जिल्हा पाहिलेला नव्हता.

माझं घर चिपळूणजवळ आहे. आमच्याकडे पाण्याचा प्रश्न म्हणजे ते घरात शिरलं तर बाहेर कसं काढायचं, हा. दुष्काळ हा शब्द मी अभ्यासातच जास्त वापरला होता.

पाटोदा

पहाटे पुण्याहून मिनीबसनं निघालो. आम्ही सातजण होतो आणि आठवा इरफान तांबोळी. तो आमच्याकडे पीएच.डी. करतो, मूळचा केजचा. जागा त्यानंच ठरवली होती. जामखेड सोडल्यावर बोडके डोंगर सुरू झाले. त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. बाकी कुठं काही हालत नव्हतं. रस्त्याकडेच्या बाभळींवर धूळ इतकी बसली होती की त्या कुणीतरी झाकून ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

पाटोद्याला चहासाठी थांबलो. हॉटेलवाल्यानं बसवरचा कापडी फलक वाचला. त्यावर ‘विभागीय संशोधन चिंतन दिवस’ असं लिहिलेलं होतं.

“कुठं चाललाव?” त्यानं इरफानला विचारलं.

“युसूफ वडगावच्या पुढं.”

“कावून?”

“चिंतन करायला.”

हॉटेलवाल्यानं मान हलवली. “येतेत. दुष्काळ पडला की लई लोक येतेत.” मग आमच्यापुढं भज्यांची ताटली सरकवत म्हणाला, “मागं एकजण आलते, ते ढगावर चिंतन करीत व्हते. तुमचं कशावर?”

“सहकारावर,” देवधर सर म्हणाले.

“हां,” तो म्हणाला, आणि ढगांच्या मानानं आमची आशा किती, याचा अंदाज घेतल्यासारखा आमच्याकडे पाहत राहिला. भजी मात्र उत्तम होती. आमच्याकडच्यापेक्षा तिखट, आणि सोबत तळलेली मिरची न मागता. देवधर सरांनी तीन मिरच्या खाल्ल्या आणि मांजरसुंब्यापर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

युसूफ वडगावच्या पुढे

युसूफ वडगाव मोठं गाव आहे, बाजाराचं. आम्हाला तिथून आणखी आत एका लहान गावात जायचं होतं. वाटेतली काळी जमीन इतकी भेगाळली होती की भेगेत हात सहज गेला असता. गावात अर्ध्या घरांना कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली, अजून परतायची होती.

“सभागृह छान आहे, पंखा आहे,” इरफान म्हणाला. ते खरं होतं. बस एका पत्र्याच्या इमारतीपुढं थांबली. दारावर निळी पाटी होती. पाटीवरचं नाव मी वाचलं आणि ओळखलं. ती एक सहकारी दूध उत्पादक संस्था होती. माझ्या निबंधात, तक्ता क्रमांक चारमध्ये, ती नवव्या ओळीत होती. नावापुढं ‘सद्यस्थिती’ या रकान्यात मी लिहिलं होतं: मृत.

मी इरफानला बाजूला घेतलं. “ही संस्था चालू आहे?”

“माहीत नाही मॅडम. काकूंनी किल्ली आहे म्हणून सांगितलं.”

काकू म्हणजे चंद्रकलाबाई, संस्थेच्या सचिव. वय पन्नाशीचं, नऊवारी, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. दारातच त्यांनी आम्हाला तांब्याभर पाणी आणि पेले दिले. प्रवासात घसा सुकला होता. मी अर्धा पेला प्यायले आणि उरलेलं पाणी, आमच्याकडं सगळे करतात तसं, पायरीखाली भिरकावलं. आवाज फारसा झाला नाही, पण ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी बोलणं थांबवलं आणि त्या ओल्या डागाकडे पाहिलं. डाग मिनिटभरात गेला. दुसऱ्या खेपेला चंद्रकलाबाईंनी मला अर्धाच पेला भरून दिला. नंतर मी पाहिलं, पेल्यात उरलेलं पाणी तिथं एका बादलीत ओततात आणि ती बादली म्हशीपुढं जाते.

आत सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर गावातली वीसेक माणसं आधीच बसली होती. देवधर सरांनी इरफानकडे पाहिलं. इरफाननं चंद्रकलाबाईंकडे पाहिलं.

“सभा हाय म्हणला ना तुमी,” त्या म्हणाल्या. “हितं सभा आसली की सभासद येणारच.” आणि त्यांनी हजेरीपुस्तक आमच्यापुढं धरलं. आम्ही आठहीजणांनी सह्या केल्या. देवधर सरांनी सहीखाली पदनाम लिहिलं.

संस्थेचे चेअरमन महालिंगअप्पा समोर बसले होते. लिंगायत वाणी, गावात किराणा दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं, “सभेचा विषय काय हाय सर?”

“सहकारी संस्थांची सद्यस्थिती,” सर म्हणाले. अप्पांना विषय आवडला. चंद्रकलाबाईंनी तो इतिवृत्तात लिहून घेतला.

आम्हा पाहुण्यांना चहा आला. मग पुण्याहून आणलेल्या प्रती वाटल्या गेल्या. त्या विभागातल्या लोकांसाठी होत्या, पण इरफाननं रीत म्हणून चेअरमन आणि सचिवांनाही एकेक दिली. मी उभी राहिले. पहिली दहा मिनिटं मी सहकाराचा सिद्धान्त सांगितला. सभासद शांतपणे ऐकत होते. एक म्हातारे झोपले. चंद्रकलाबाई ऐकत नव्हत्या. त्या प्रत वाचत होत्या, बोट ओळीवर ठेवून, पान उलटून, पुन्हा बोट ठेवून. त्या तक्ता चारवर पोचल्या तेव्हा मी तिसऱ्या परिच्छेदात होते. मला दिसत होतं आणि मी वाचत राहिले.

“मॅडम,” त्या म्हणाल्या. “हे आमचं नाव हाय.”

“हो.”

“म्होरं मृत लिवलंय.”

पंखा फिरत होता. म्हातारे जागे झाले.

“ती तांत्रिक संज्ञा आहे,” देवधर सर म्हणाले.

“व्हय, पर म्हंजी मेलेलीच ना?” त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. “कवा मेली आमी?”

मी सांगितलं. सरकारी यादीत ज्या संस्थांचं दूध येणं थांबलेलं होतं, त्यांना मी फोन केला होता. दोनदा करून कुणी उचलला नाही तर संस्था मृत, असं धरलं होतं. निबंधात याला ‘दूरध्वनी पडताळणी’ म्हटलं होतं. तिथं उभं राहून सांगताना ते पुण्यात वाटायचं त्यापेक्षा खूपच थोडक्यात संपलं.

“फोन हितंच ऱ्हातो, कपाटात,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “तुमी कवा केलता?”

“दुपारी.”

“दुपारी आमी समदे हिरीवर आसतो.” त्यांनी प्रत मिटली, चष्मा पदरानं पुसला आणि उठल्या. “चला. दावते.”

अप्पांची विहीर

भर बाराच्या उन्हात आमचा विभाग, हातात प्रती घेऊन, रांगेनं शेतातून चालला. विहीर गावाबाहेर अर्ध्या कोसावर होती, महालिंगअप्पांची. तिच्या भोवती, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात, गावातली सगळी दुभती जनावरं बांधलेली होती. म्हशी जास्त, थोड्या गाई. वर उसाच्या पाचटाचं छप्पर. एका बाजूला उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पात्यांचा, ढीग आणि दोन बाया ती तोडून गव्हाणीत टाकत होत्या.

चंद्रकलाबाईंनी सांगितलं ते असं. गेल्या वर्षी दूध इतकं कमी झालं की डेअरीची गाडी गावात येईनाशी झाली. गाडी नाही म्हणून कागदावर दूध नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी म्हशी म्हाताऱ्यांच्या जिवावर सोडलेल्या. विहिरी एकेक आटत गेल्या. सगळेजण जनावरं बाजारात न्यायला निघाले, तेव्हा संस्थेची सभा भरली. तेवढ्या अप्पांच्या विहिरीला पाणी होतं. सगळी जनावरं तिथं आणायची आणि घरागणिक पाळी लावायची ठरलं. एकानं पाणी काढायचं, एकानं वाढं आणायची, एकानं शेण काढायचं. जे दूध निघेल ते आधी लेकरांच्या घरी, मग बाळंतिणींना, मग म्हाताऱ्यांना. उरलं तर चहाला.

“आणि उरतं का?” देवधर सरांनी विचारलं.

“न्हाई उरत,” अप्पा म्हणाले. “तुमाला मगाशी चहा दिला त्यातलं दूध चंद्रकलाबाईच्या घरच्या वाट्याचं व्हतं.”

सर हातातल्या प्रतीकडे पाहू लागले.

मी विचारलं, “सगळे सभासद सामील झाले?”

“दोन घरं न्हाई आली,” चंद्रकलाबाई म्हणाल्या. “एकाचं माझ्याशी भांडण हाय, बांधावरून. दुसऱ्याचं अप्पाशी. बोलत न्हाईत, सभेला येत न्हाईत.” मग त्यांनी कोपऱ्यातल्या दोन म्हशींकडे बोट केलं. “म्हशी येतेत.”

त्यातल्या एका म्हशीला पाणी दाखवायची वेळ झाली होती. चंद्रकलाबाईंनी बादली उचलून तिच्यापुढं ठेवली आणि ती पिऊन होईपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी विहिरीत डोकावले. तळाशी पाणी होतं, पण आमच्याकडं याला कुणी पाणी म्हटलं नसतं. आमच्याकडं एवढं पावसात अंगणातल्या खळग्यात साचतं.

जेवण अप्पांच्या घरी होतं. जाताना माजघरात मी पाहिलं, अप्पा गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करत होते. पूर्वी त्याला तांब्यानं स्नान घालत, हे त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. आता पळीभर पाणी, आणि तेही नंतर तुळशीला. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात लावलं की आमटी होते. भाजी नसली तरी घर अडत नाही. मी दोन वाट्या घेतल्या. देवधर सरांनी सवयीनं विचारलं, “थोडं ताक मिळेल?” सूनबाई काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “नको, नको. राहू दे.” ताटं पाण्यानं धुतली गेली नाहीत. राखेनं घासून, फडक्यानं पुसून ठेवली. ती आमच्या दरवर्षीच्या हॉटेलातल्या ताटांपेक्षा स्वच्छ होती.

लिंबाखाली

दुपारच्या सत्राआधी देवधर सरांनी मला लिंबाखाली बोलावलं. कडुनिंबाला तिकडे लिंब म्हणतात. सर माणूस म्हणून वाईट नाहीत, हे मला सांगायला हवं. माझी तासिका दोन वर्षं त्यांच्यामुळं टिकली होती.

“एक ओळ दुरुस्त करू,” ते म्हणाले. “संपादकांना मी आज रात्री कळवतो. एका ओळीनं निष्कर्ष बदलत नाही.”

“सर, ही ओळ चुकली हे आपल्याला इथं आलो म्हणून कळलं.”

“बरोबर.”

“बाकीच्या ओळींच्या गावांना आपण गेलेलो नाही.”

सरांनी चपलेनं लिंबाचा पाचोळा बाजूला सारला. “मुलाखत मेमध्ये आहे,” ते म्हणाले. ती धमकी नव्हती. गाडीची वेळ सांगावी तसं ते त्यांनी सांगितलं. “निबंध छापला जातोय, हे पत्र त्यांच्यापुढं असलं तर तुमची बाजू भक्कम आहे. नसलं तर इतर उमेदवार आहेत.”

“मला माहीत आहे.”

“घरी कोण कोण असतं तुमच्या?”

“आई असते. भाऊ शिकतोय.”

“हं,” ते म्हणाले. “विचार करा. सत्र तीनला आहे.”

तीन वाजायला वीस मिनिटं होती. मी त्या वीस मिनिटांत फार थोर विचार केला नाही. मला जास्त करून आईला फोनवर काय सांगायचं, हे सुचत नव्हतं. दुसरा विचार असा आला की चंद्रकलाबाई इतिवृत्त लिहिणार आहेत, म्हणजे जे होईल ते गावात राहणार आहे. आणि मग हे, की तक्त्यातल्या बाकीच्या ओळींमध्येही कुणीतरी दुपारी विहिरीवर असेल.

सत्र सुरू झालं. मी उभी राहिले आणि सांगितलं की तक्ता चारमधल्या एकाही गावी मी गेलेले नाही, म्हणून तो तक्ता मी मागे घेते. तक्ता गेला तर त्यावरचा निष्कर्षही जातो, म्हणून निबंध मागे घेते. हे बोलायला अर्धं मिनिट लागलं. विभागातले लोक आपापल्या पायांकडे पाहत होते. सभासदांपैकी कुणाला यात मोठं काही वाटलं नाही. चुकलेलं मागं घेतलं, एवढंच.

चंद्रकलाबाई मात्र पेन उघडून बसल्या होत्या. “ठराव लिवते,” त्या म्हणाल्या. “तक्ता मागं घेन्यात येतो. सूचक, साळवी मॅडम.” मग वर पाहिलं. “अनुमोदक?”

इरफाननं हात वर केला.

“तुजा न्हाई चालत,” त्या म्हणाल्या. “कागदावर ज्याचं नाव हाय त्यानंच पायजे. दोनच नावं हायेत.”

सगळ्यांनी देवधर सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढला, कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर आणला. बाहेर एक म्हैस ओरडली. एवढ्या वेळात दुसऱ्या कुणी तरी काही बोललं असतं, पण सभासद सभेत थांबायला सरावलेले होते.

“लिहा,” सर म्हणाले. “अनुमोदक, देवधर.”

“ठराव सर्वानुमते मंजूर,” चंद्रकलाबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, आणि सहीसाठी वही आमच्याकडे फिरवली. या वेळी सरांनी पदनाम लिहिलं नाही.

परतीच्या प्रवासात सर पुढच्या सीटवर बसून होते. पुण्यात उतरताना “गुड नाइट” म्हणाले.

बीड

मेमध्ये मुलाखत झाली. मला तीन प्रश्न विचारले, त्यातला एक चिपळूणच्या हवामानावर होता. सुट्टी लागली, म्हणजे मी कुणीच नव्हते. मी कपडे आणि तक्ता चारची, ‘सद्यस्थिती’चा रकाना कोरा ठेवलेली, एक प्रत घेऊन बीडला गेले. इरफानची बहीण नगर रोडला एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर राहते, तिच्याकडे मी उतरले. सकाळी साडेपाचला खालून मुलं एका सुरात सूत्रं म्हणायला लागतात, त्यामुळं मी लवकर उठायला शिकले. स्टँडवरून पहिली एसटी धरायची, गावात उतरायचं, संस्था शोधायची, दुपार होईपर्यंत थांबायचं. तीन आठवड्यांत मी पाच गावं केली. दोन संस्था खरोखर बंद होत्या. तीन चालू होत्या, प्रत्येक वेगळ्याच कशासाठी तरी. एका गावात संस्थेचं कुलूप पाहून मी परत फिरत होते, तर एका बाईनं हाक मारून विचारलं, “कावून आलात न् कावून चाललात?” आणि घरी नेऊन जेवू घातलं. संस्था मात्र बंदच होती.

अशाच एका दिवशी, धारूरच्या अलीकडं एसटीची वाट पाहत असताना, देवधर सरांचा फोन आला.

“निकाल लागला,” ते म्हणाले. “तुमचं नाव नाही.”

“बरं, सर.”

“कुठं आहात?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“तिथं काय करताय?”

“यादीतली अकरावी ओळ, सर. बंद आहे.”

“नीट पाहिलंत?”

“चेअरमन, सचिव आणि शेजारचे, तिघांना भेटले.”

तिथं रेंज कमी होती, म्हणून मी फोन घेऊन थांब्याच्या ओट्यावर चढले. मग सर म्हणाले, “साळवी, मी सहकारावर अठ्ठावीस वर्षं लिहितोय. संस्थेच्या विहिरीपर्यंत चालत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो.” एसटी येताना दिसली, मी हात केला. “परवाच्या गाडीनं येतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ते आले. बीडच्या स्टँडवर पुण्याची गाडी पावणेदोनला लागली आणि त्यातून सर उतरले. डोक्याला पांढरा रुमाल, खांद्यावर शबनम, पायात कधी नव्हे ते बूट. ऊन इतकं होतं की रिक्षावालेही गिऱ्हाईक बोलवत नव्हते, सावलीतून नुसतं पाहत होते.

“सर, आधी थोडं जेवून घ्या,” मी म्हटलं. “आराम करा. उद्या निघू.”

“पुढची गाडी कधी आहे?”

“वीस मिनिटांत. केजची.”

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. सरांनी शबनममधून मोबाइल काढला, त्यात बराच वेळ काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात दिला. संपादकांना त्यांनी लिहिलेलं पत्र होतं, दोनच ओळींचं. ‘निबंध आम्ही सध्या मागे घेत आहोत. लेखक त्या गावांना गेले नव्हते, आता जात आहेत.’

मी वाचून मोबाइल परत दिला. केजची गाडी फलाटाला लागली. सर खिडकीशी बसले आणि मी त्यांच्या शेजारी.